आण्णांच्या गाडीचा आवाज

गावाकडं आईला मी 'वेल्डिंगचं दुकान आहे' एवढंच सांगितलंय. ते खोटं नाही. पण एखादं गेट, एखादी लोखंडी खुर्ची जोडून झाली की उरलेला दिवस मी पोरांच्या मोटारसायकलींचे सायलेन्सर फोडून द्यायचो. आतली जाळी कापायची, नळी आखूड करायची, म्हणजे गाडी रस्त्यानं गेली की लोकांनी मान वळवून बघितलं पाहिजे. लोक बघायचे. काही जण शिव्याही द्यायचे. त्या शिव्या गाडीवाल्याला लागतात, मला नाही, असं मी धरून चाललो होतो.

मी इथला नाही. वाशीम जिल्ह्यातला. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, कारण वर्गात उभं राहून उत्तर द्यायची वेळ आली की माझे पाय कापायचे. एका गाववाल्याच्या ओळखीनं कोल्हापूरला आलो, शिरोलीच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं लागलो. तिथं कावीळ झाली. खोलीतले बाकीचे कामाला जायचे, मी पडून असायचो. आम्हाला दूध घालायला एक गवळी यायचे. चार दिवस मी भांडं घेऊन दारात आलो नाही, म्हणून ते आत डोकावले. माझे डोळे बघितले आणि म्हणाले, "उठ. हितं मरशील."

तेच आण्णा. कसबा बावड्यात त्यांचं घर आणि घरामागं गोठा. गोठ्याच्या कडेच्या खोलीत त्यांनी मला झोपवलं. त्यांच्या घरच्या बाईंना सगळी गल्ली आक्का म्हणते, मीही म्हणायला लागलो. आक्कांनी महिनाभर मला उसाचा रस आणि ताकभात घातला. बरा झाल्यावर मी जायला निघालो तर आण्णा म्हणाले, "कुठं चाललाईस? वेल्डिंग येतंय न्हवं? गोठ्याची रस्त्याकडची बाजू रिकामी हाय. बस तितं." अकरा वर्षं झाली. माझ्या आधार कार्डावर पत्ता त्यांचा आहे. तरी गल्लीत मी अजून पावणंच आहे. तोंडातून 'का'ऐवजी 'काऊन' गेलं की कुणीतरी लगेच म्हणतं, "आलं बघा वाशीम."

आता म्हशींचं सांगायला पाहिजे. आमच्याकडं पोळ्याला बैल सजवतात. म्हशीला कोण विचारतंय. इथं दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, अंगावरचे केस भादरून नक्षी काढतात. मग मालक सायलेन्सर उतरवलेली मोटारसायकल घेऊन पुढं निघतो आणि त्या आवाजामागं म्हैस पळत सुटते. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, हलगी वाजतेय, दहा दुसऱ्या गाड्या, तरी म्हैस आपल्याच मालकाच्या गाडीमागं जाते. डोळ्यानं नाही, कानानं. त्यासाठी कित्येक महिने रोज सकाळी गाडी गोठ्यापुढं आणून वाजवायची आणि मग पेंडीचं घमेलं पुढं करायचं. गाडी चार पावलं पुढं न्यायची, परत वाजवायची.

आण्णांची गाडी जुनी टू-स्ट्रोक. एका वर्षी ते दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "नळी काढल्यावर सगळ्यांच्या गाड्या सारख्याच बोंबलत्यात. मला असा आवाज काढून दे की आमच्या म्हशीनं हजारात वळखावा."

बारा दिवस मी त्या एका नळीमागं होतो. कापायची, जोडायची, भोकं पाडायची, भोकं बुजवायची. शेवटी असा आवाज निघाला की टर्रर्र होत जायचा आणि रेस सोडली की मागं एक खणखणीत ठोका द्यायचा. आण्णांनी गाडी गोठ्यापुढं नेऊन वाजवली. म्हशीनं कान उभे केले. आण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पावणं, तुझ्या हाताला गुण हाय." शाळेत कुणी माझ्याबद्दल असं काही म्हणाल्याचं मला आठवत नाही. मी नळीची मापं खिळ्यानं दुकानाच्या भिंतीवर कोरून ठेवली.

त्या आवाजाचा त्रास व्हायचाच. समोर पूर्वी ऊस होता, तिथं अपार्टमेंट उभं राहिलंय. आण्णांनी गाडी वाजवली की अपार्टमेंटखाली लावलेल्या चार मोटारी एकदम केकाटायला लागायच्या. एकीचा अलार्म थांबेपर्यंत दुसरीचा परत सुरू. वरच्या खिडक्या उघडायच्या, चाव्या घेऊन माणसं खाली पळायची. एकदा तिथले चार जण सांगायला आले. घरात म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं दचकून उठतात. आण्णा म्हणाले, "म्हस आधीची हाय, बिल्डिंग मागनं आलीय." आम्ही सगळे हसलो. त्यातले एक जण जाताना माझ्याकडं वळून म्हणाले, "आणि तुम्ही काय करता हो इथं?" मी म्हटलं, "मी नुसतं वेल्डिंग करतो साहेब."

त्याच अपार्टमेंटमधला एक मुलगा होळीच्या सुमारास माझ्याकडं आला. इंजिनिअरिंगला शिकणारा. वडिलांची तरुणपणची गाडी ताडपत्रीखाली पडून होती, ती त्यानं नीट करून घेतली होती. आण्णांच्या गाडीसारखीच गाडी, तेच मॉडेल.

"आण्णांच्या गाडीचा आवाज तुम्हीच काढलाय ना? मला तोच पाहिजे."

"तो पुन्हा निघत नाही," मी म्हटलं.

"असं कसं? तुम्ही मापं ठेवली असतील की." तो भिंतीकडंच बघत होता. "आमच्याकडं चार वर्षं नुसती थिअरी आहे. नळीची लांबी अशी कानानं ठरवणं आमच्या सरांनासुद्धा जमणार नाही. तुम्ही शिकलात कुठं हे?"

आठवी म्हणायला माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, "असंच. करता करता." तो मला तुम्ही म्हणत होता. शिकलेला मुलगा माझ्या समोरच्या टायरवर बसून माझ्या हाताकडं बघत होता. मी नळी कापायला घेतली.

तेव्हा म्हैस मनात आली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आली. मी तिला बाजूला सारलं. गाडी त्याच्या हातात देताना एवढंच म्हटलं, "गोठ्यापुढून नेऊ नको. मागच्या रस्त्यानं जा."

"का?"

"आण्णांना राग येईल." खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर मला नळी परत काढून घ्यावी लागली असती.

दोन दिवस तो मागच्या रस्त्यानं गेला. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या पाइपसाठी तो रस्ता खणून ठेवला होता. सकाळचे नऊ वाजले असतील. आण्णा गाडीवर कॅन लावून डेअरीला गेले होते. आक्का म्हशीला धुवायला रस्त्याकडेच्या नळावर घेऊन आल्या होत्या. म्हैस सात महिन्यांची गाभण होती, म्हणून आक्का तिला अगदी सावकाश चालवायच्या. मी दुकानात खाली वाकून एका गेटची कडी जोडत होतो.

आवाज आला. टर्रर्र, आणि मागं तो ठोका. मला वाटलं आण्णा आज लवकर आले. आक्काही म्हशीला म्हणाल्या, "आलं बघ, मालक आलं," आणि त्यांनी कासरा सैल सोडला. सैल, पण मनगटाला दोन वेढे तसेच होते. म्हैस निघाली. आक्का दहा-बारा फूट फरफटत गेल्या आणि मग वेढे सुटले.

त्या मुलानं आरशात बघितलं असेल. मागं शिंगं उगारून म्हैस येतेय म्हटल्यावर कुणीही जे करेल तेच त्यानं केलं, गाडी आणखी पिळली. आवाज वाढला तशी म्हैस जोरात पळाली. म्हशीला वाटलं असेल पाडवा आहे. शिये गावाच्या बाजूच्या वळणावर डांबरावर तिचे पाय सरकले आणि ती कुशीवर पडली. ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर येत होता, तो कसाबसा थांबला. माणसांनी मिळून तिला उठवलं.

आक्कांचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं. तिसऱ्या दिवशी म्हशीनं गाभ टाकला. रेडी होती. जनावरांचे डॉक्टर हात धुऊन गेले आणि आण्णा गोठ्यात तसेच उकिडवे बसून राहिले.

पण गाभ जाण्याआधीच, म्हैस पडली त्याच दिवशी, मी एक काम करून मोकळा झालो होतो. संध्याकाळी पाने पिशवीत घालून अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गेलो. मुलगा भेदरला होता. मी म्हटलं, "ही नळी काढू. लोकांना त्रास होतो." तो लगेच हो म्हणाला. नट गंजले नव्हते, पण माझा पाना सारखा घसरत होता, म्हणून हातोडी मारावी लागली. तेवढ्यानं शेजारची मोटार केकाटायला लागली. त्याची आई खाली आली. मला वाटलं आता संपलं. तिच्या हातात चहाचा कप होता.

"बरं झालं दादा, तुम्ही स्वतःहून आलात," ती म्हणाली. "आमच्या सासूबाईंना दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. सगळ्यांनी असा विचार केला तर किती बरं होईल."

मी तो चहा प्यालो. मुलगा हळूच म्हणाला, "म्हैस कशी आहे? मी येऊन आण्णांची माफी मागू का?"

"नको," मी म्हटलं. "मी सांगतो त्यांना."

नळी दुकानात आणली, तिचे चार तुकडे केले आणि भंगारात टाकले.

दुसऱ्या दिवशी आण्णा आक्कांना विचारत होते, गाडी कुणाची होती. आक्का म्हणाल्या, "मला तर आपलीच वाटली."

"माझी गाडी डेअरीत हुती. तुझ्या कानाला काय झालंय?"

"म्या सांगते न्हवं, आवाज आपलाच हुता."

"बहिरी झालीयास," आण्णा म्हणाले. मी दारात उभा राहून हे ऐकत होतो.

रेडी गेल्याचं दुःख आण्णांनी सोसलं असतं. त्यांना खाऊन टाकलं दुसऱ्याच गोष्टीनं. कोपऱ्यावर दुधाचा कट्टा आहे. सकाळी तिथं गवळी म्हशी घेऊन येतात, समोर धार काढून देतात, तालमीतनं आलेली आणि फिरायला निघालेली माणसं उभ्यानं पेलाभर दूध पितात. म्हशीवरून जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या तिथं होतात आणि त्यात आण्णांचा आवाज सगळ्यात मोठा. गाडी अपार्टमेंटातल्या पोराची होती हे वळणावर म्हैस उठवणाऱ्यांनी तोवर कट्ट्यावर सांगितलं होतं, पण आवाज सारखाच होता हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता आण्णा तिथं गेले की सुरू व्हायचं.

"काय आण्णा, तुमची म्हस अपार्टमेंटात नांदायला गेलती म्हणं?"

"तरण्या पोराच्या गाडीवर भुलली. तिचा बी काय दोष, मालक म्हातारा झाला."

"यंदा पाडव्याला कुणामागं पळायची हाय ते आधी विचारून ठेवा."

बाहेरच्या माणसाला ही थट्टा वाटेल. पण दुसऱ्याच्या गाडीमागं गेलेली म्हैस म्हणजे मालकाला तिची सवय लावता आली नाही किंवा जनावरच फितूर. आण्णांनी कट्ट्यावर जाणं बंद केलं. एक दिवस जेवताना म्हणाले, "फितूर जनावर दारात नको." गगनबावड्याकडचा एक व्यापारी येऊन म्हैस बघून गेला. बाजाराच्या आदल्या दिवशी टेम्पो घेऊन येतो म्हणाला.

ती फितूर नव्हती हे फक्त मला माहीत होतं. तोंड उघडलं तर ती वाचणार होती आणि उघडलं तर माझं काय होणार हे मला कळत नव्हतं. मी भित्रा माणूस आहे. खोली जाईल, दुकान जाईल, आधार कार्डावरचा पत्ता जाईल, असं रोज मनात मोजत बसायचो. आईचा फोन आला. ती म्हणाली, "काऊन रे, आवाज असा काऊन येऊन रायला तुहा?" मी म्हटलं, धूर गेला घशात. आठ दिवस मी रोज दोन वेळा त्यांच्याच घरात जेवलो. आक्कांना एका हातानं भाकरी थापता येत नव्हती, म्हणून त्या भात टाकायच्या आणि वर म्हणायच्या, "गोड मानून घे रं, पोटभर जेव."

टेम्पो यायचा होता त्या दिवशी दुपारी आण्णा गाडी ढकलत दुकानापुढं घेऊन आले. सुरू केली नाही, ढकलतच आणली.

"काढ ती नळी," ते म्हणाले. "आता कुणासाठी वाजवू?"

मी खाली बसलो. पाना लावला. एक नट निघाला. दुसऱ्याला पाना लावला आणि हात पुढं जाईना.

"काय झालं? नट अडाकलाय व्हय?"

"आण्णा, म्हैस चुकली नव्हती."

"आं?"

"आवाज तोच होता. त्या मुलाच्या गाडीला मी अशीच नळी करून दिलती."

आण्णा टायरवर बसले. मला वाटलं ते ओरडतील. मी मान खाली घातली होती. त्यांनी आपल्या गाडीच्या नळीकडं बोट केलं आणि विचारलं, "माप?"

"हेच."

"भोकं?"

"एवढीच."

"ठोका?"

"तोही."

"मग तिचं काय चुकलं?"

"काही नाही आण्णा."

ते उठले, गोठ्यात गेले. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. तिथूनच त्यांनी आक्कांना हाक मारली. आक्का आल्या. आण्णा त्यांना म्हणाले, "तुझं बराबर हुतं. आवाज आपलाच हुता. ह्या पावण्यानं केलता." आणि मग हळू आवाजात, "मी आट दिवस तुला बहिरी म्हनतोय."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. प्लास्टरचा हात त्यांनी दुसऱ्या हातानं छातीशी धरला होता.

"व्हय रं," त्या म्हणाल्या. "आट दिवस माझ्या एका हातचा भात खाल्लास न्हवं?"

मी पाया पडायला वाकलो. त्या मागं सरकल्या.

"आमच्या पाया पडून काय उपेग? तिची अब्रू कट्ट्यावर गेलीया. तितं जाऊन सांग."

टेम्पो आला तो आण्णांनी रिकामा परत पाठवला. व्यापारी बराच वेळ बडबडत होता. आण्णा त्याला एवढंच म्हणाले, "जनावराची चूक न्हवती. माझी बी समजूत चुकली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी कट्ट्यावर गेलो. दहा-बारा माणसं असतील. वर्गात उभं केल्यावर व्हायचं तेच झालं. मी एका दमात बोलून टाकलं. नळी मी केली. आवाज तोच होता. आक्कासुद्धा फसल्या, मीसुद्धा फसलो. मग मी ती नळी काढून तुकडे केले आणि गप्प बसलो.

मग एक जण म्हणाला, "म्हंजे पावण्यानं आण्णांच्या आवाजाची झेरॉक्स काढली म्हणा की."

सगळे हसले.

"मर्दा, माझ्या बी गाडीला एक करून दे. बायकू म्हयना झाला माहेरात हाय, आवाजानं तरी पळत ईल."

"तिला तुझा आवाज वळखू येतोय म्हणूनच ती गेलीया."

मीही हसलो. भीती गेली म्हणून हसलो आणि त्याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते. कारण धार काढत बसलेले एक म्हातारे गवळी हसत नव्हते. धार न थांबवता ते म्हणाले, "रेडी गेली न्हवं त्याची?"

हसणं थांबलं. चरवीत धार पडल्याचा तेवढा आवाज येत होता. म्हाताऱ्यांनी पेला भरला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "जा. आण्णाला बोलीव. म्हणावं, दूध थांबवून ठेवलंय."

आण्णा आले. थट्टा करणाऱ्यांना काहीतरी खणखणीत सुनावलं, पेला घेतला. मी लांब उभा होतो.

तो मुलगा आणि त्याची आई त्याच आठवड्यात येऊन गेले. मी कबूल केल्यावरच त्यांना सगळं कळलं होतं. आईनं माझ्याकडं बघितलं नाही. आण्णा मुलाला म्हणाले, "तुझी काय चूक न्हाई बाळा. आरशात म्हस दिसली तर मी बी पळालो असतो." पुढं ते त्याच्या आईला म्हणाले, "आता वाजवायची झाली तर नदीकडच्या रानात नेऊन वाजवतो. तुमच्या सासूबाईंना सांगा." चार जण सांगायला आले होते तेव्हा हे झालं नव्हतं.

जाळ्या कापायचं काम मी बंद केलं. त्याचं कौतुक नको. पोरं अजून येतात, दुसरीकडं जातात.

मला कुणी जा म्हणालं नाही. खोली तीच, दुकान तेच, आक्कांच्या हाताचं प्लास्टर निघाल्यावर पहिली भाकरी त्यांनी मलाच वाढली. गोठ्यातला दिवा गेला, पंप बंद पडला, कडी निखळली, तरी आण्णांची हाक येते, "पावणं, बघ जरा." पण जुना आवाज एकदा दुसऱ्या गाडीचाही झाला होता, म्हणून म्हशीला नव्या आवाजाची सवय लावायची त्यांनी ठरवलं. मी नळीसाठी पत्रा आणून ठेवला. विचारायचा धीर झाला नाही. चार दिवसांनी ते गाडी घेऊन शहरातल्या दुसऱ्या मिस्त्रीकडं गेले आणि नवी नळी बसवून आले.

नवा आवाज जाड आहे, शेवटी फाटतो. पहिले दोन महिने म्हैस जागची हलत नव्हती. आण्णा रानात नुसते फेऱ्या मारून परत यायचे, घमेलं तसंच भरलेलं असायचं. त्या नळीला कुठं वेल्डिंगचा टाका द्यायला पाहिजे हे मला दुकानात बसल्या बसल्या कळतं. मी उठत नाही. त्या गाडीला मी पुन्हा हात लावलेला नाही आणि आण्णांनी लाव म्हटलेलं नाही.